कवितेची झडती घेणारे हवालदार

हवालदार केशव धोंडू सकपाळ यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते महाडच्या एका शाळेच्या सभागृहात, प्रजासत्ताक दिनाच्या कविसंमेलनात. त्याला आता वीसेक वर्षं झाली. तेव्हा मी महाडला महाविद्यालयात मराठी शिकवत होते आणि सैनिकांच्या कवितेतला युद्धाचा अनुभव या विषयावर प्रबंध लिहीत होते. विषय हौसेने घेतला होता, पण दोन वर्षांत हौस फिटली होती. जमवलेल्या कवितांच्या ढिगात रक्त होतं, तोफा होत्या, मातेचं ऋण होतं. लिहिणाऱ्याने कधी फौजेत पाऊल ठेवलं होतं की नाही, एवढंच त्यातून कळत नव्हतं. माझ्या वडिलांचा महाडात छोटा छापखाना होता. मी प्रुफं तपासत वाढले. छापलेला शब्द दुसऱ्यांदा पाहिल्याशिवाय खरा धरायचा नाही, हे आमच्या घरचं वळण.

त्या दिवशी सात-आठ कवींनी कविता म्हटल्या. सगळ्या वीरश्रीने भरलेल्या, आणि टाळ्याही तशाच. शेवटी सूत्रसंचालकांनी ‘पोलादपूरचे मेजर सकपाळ’ असं नाव पुकारलं. आमच्याकडे फौजेतून आलेल्या कुणालाही लोक मेजरच म्हणतात. पांढरा सदरा घातलेले एक गृहस्थ मागच्या रांगेतून आले आणि त्यांनी आधी ती चूक सुधारली. ते मेजर नव्हते, हवालदार होते, आणि त्यातही रसदीच्या गाडीवरचे ड्रायव्हर. मग त्यांनी घडी घातलेला कागद उघडला.

चढताना पिठाची पोती,
उतरताना माणसं.
गाडीला फरक कळत नाही.
ती दोन्ही वेळा तेवढीच कण्हते.
मी मागे बघत नाही.
आरसा मी आधीच फिरवून ठेवलाय.

कविता संपली हे कुणाला कळलंच नाही, त्यामुळे टाळ्या वाजल्या नाहीत. पहिल्या रांगेतल्या कुणीतरी मोठ्याने विचारलं, “यात लढाई कुठंय?” “मी गाडीत होतो,” एवढंच सांगून ते जागेवर जाऊन बसले.

पंचाहत्तरीच्या अशा गौरवलेखात पुढचं वाक्य ‘मी भारावून गेले’ असं यायला हवं. पण मला संशय आला. फार तर सातवी शिकलेला ड्रायव्हर आरशाची ती ओळ कशी लिहील? हे कुणा शहरी कवीने लिहून दिलेलं असणार, किंवा या गृहस्थांनी कुठूनतरी उचललेलं. कार्यक्रमानंतर मी त्यांना गाठलं आणि फार गोड आवाजात विचारपूस केली. त्यांनी ती ऐकून घेतली आणि रविवारी घरी या म्हणाले.

पोलादपूरच्या वर, डोंगराच्या अंगाला असलेल्या वाडीत त्यांचं घर. मी गेले तेव्हा ओटीवर माझ्यासाठी एक गोष्ट काढून ठेवलेली होती: त्यांचं फौजेतलं सेवापुस्तक. भरतीची तारीख, पलटणीच्या बदल्या, एकाहत्तरच्या लढाईतली नेमणूक, सगळं त्यात होतं. “आधी हे तपासा,” ते म्हणाले. “मग कविता.” मी लाजले, पण तपासलं. मी पानं उलटत असताना ते समोर बसून माझ्याकडे बघत होते, आणि मी अर्ध्यात थांबले असते तर त्यांनी मला कविता दाखवल्या नसत्या, असं मला आजही वाटतं. चहा घेऊन आलेल्या त्यांच्या पत्नी, पुढे माझ्या काकू झालेल्या, म्हणाल्या की यांचं काही मनावर घेऊ नका, हे भाकरीतसुद्धा खडा शोधतात.

पुढे कळलं की सकपाळकाका स्वतःच्या कवितांपेक्षा दुसऱ्यांच्या कवितांत जास्त गुंतलेले होते. निवृत्तीनंतर ते महाड औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याची बस चालवत. पाळीचे कामगार आणायचे, न्यायचे. त्या वसाहतीत फाटकाफाटकावर माजी सैनिक पहारेकरी म्हणून बसतात. बस उभी असताना काका त्यांच्यात जाऊन बसत. हळूहळू एकेकाने आपापले कागद बाहेर काढले. कुणी आंतर्देशीय पत्राच्या कडेला चार ओळी लिहिलेल्या, कुणी कॅलेंडरच्या पाठीवर, कुणी शिधावाटपाच्या छापील फॉर्मवर. महाड-पोलादपूरच्या गावागावांतून आलेले असे शंभरावर कागद त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत होते. त्यांतली एक कविता तर इतकी छोटी होती:

सुट्टीवर आलो. चपला दारातच होत्या.
पाय मावले नाहीत.
बायको म्हणाली, पाय मोठे झाले.
मी म्हटलं, होय.

प्रत्येक कागद त्यांनी पारखून घेतलेला असे. पारखायची त्यांची रीत न्यारी होती. एकदा तालुक्यातल्या एका बड्या पुढाऱ्यांचे नातलग स्वतःच्या युद्धकवितांची जाड वही घेऊन वाडीवर आले. ऐन लढाईत लिहिलेल्या आहेत, म्हणाले. काकांनी वही आदराने मांडीवर घेतली, दोन पानं वाचली आणि एकच प्रश्न विचारला. तिथं प्यायचं पाणी कुठून यायचं? पाहुणे आधी हसले, मग जवानांच्या त्यागाबद्दल बोलू लागले. काकांनी प्रश्न पुन्हा विचारला. पाहुणे चहा न घेता गेले. नंतर मला काका म्हणाले, “लढाईत गोळी सगळ्यांना दिसतेच असं नाय. पण पाणी कुठनं यायचं, हे ज्याला म्हायत नाय, तो तिथं नव्हता.”

त्या ट्रंकेने माझ्या प्रबंधाला पाया दिला. त्या शंभर कागदांत ‘शत्रू’ हा शब्द मला जेमतेम चार ठिकाणी सापडला, ‘वीर’ एकदाही नाही. पाय, बूट, पाणी, न आलेलं पत्र, वाट पाहणं, थंडीत न उघडणारी बोटं यांनीच ते कागद भरले होते. मेलेल्या सोबत्याचं नाव सहसा येत नाही, त्याच्या गावाचं येतं: खेडवाला, मंडणगडवाला. मोठे शब्द घरी बसलेल्यांच्या कवितेत असतात आणि साधे शब्द जाऊन आलेल्यांच्या, असा निष्कर्ष मी काढला आणि त्यावर खूश झाले. शेवटचं प्रकरण काकांच्या कवितेवर लिहायचं ठरवलं.

त्याच पावसाळ्यात सावित्री नदीचं पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरलं. आमचं घर तळमजल्यावर. माणसं वर चढली, कागद खाली राहिले. पाणी ओसरल्यावर रस्ता जरा मोकळा होताच काका मोटारसायकलवरून आले. सोबत त्यांचा पुतण्या होता. त्यांनी घरातला चिखल काढायला आम्हाला मदत केली आणि जाताना माझे भिजलेले कागद तीन गोणींत भरून नेले. पंधरा दिवस काका-काकूंनी चुलीच्या उबेला एकेक पान सुकवलं, पानांचा क्रम लावला, फाटलेल्या कडांना पातळ कागद चिकटवला. हस्तलिखित परत आलं तेव्हा मला रडू आवरेना. पण सुकवताना काकांनी ते वाचलंही होतं. समासात जागोजागी पेन्सिलीने प्रश्नचिन्हं होती. ‘सैनिकाची कविता अतिशयोक्ती टाळते, म्हणून ती विश्वासार्ह ठरते’ या माझ्या लाडक्या वाक्यापुढे त्यांनी लिहिलं होतं: ‘कमी बोलणारासुद्धा लपवतो.’

मी त्याला विनय समजले. ते काय सांगू पाहत होते, हे मला पुढच्या हिवाळ्यात तुडील गावात कळलं.

माझी एक विद्यार्थिनी, शबाना, तुडीलची. वर्गात मी सैनिकांच्या पत्रांविषयी बोलत होते, तेव्हा तिने सांगितलं की तिच्या आजीची बहीण जुबेदाबी यांच्याकडे त्यांच्या नवऱ्याची फौजेतली पत्रं आहेत. मी तिच्याबरोबर गेले. नदीकडे उतरणाऱ्या वाटेवर घर. घरातले बहुतेक पुरुष आखातात. जुबेदाबी साठीच्या पुढच्या, ताठ बसणाऱ्या, बोलताना समोरच्याचा चेहरा निरखणाऱ्या. त्यांचे पती हसन एकाहत्तरच्या लढाईत रसदीची गाडी चालवताना मारले गेले होते. हसन जेमतेम दोन इयत्ता शिकलेले, जुबेदाबींना अक्षरओळख नाही. तिकडे कुणीतरी लिहून द्यायचं आणि इकडे शाळेचे गुरुजी वाचून दाखवायचे.

मी पहिलं पत्र उघडलं आणि अक्षर ओळखलं. ‘ळ’ची ती शेपटी, ओळीच्या शेवटी उतरत जाणारे शब्द. ट्रंकेतल्या प्रत्येक कागदाच्या पाठीवर याच अक्षरात नोंदी होत्या. मी दुसरं पत्र उघडलं. तिसऱ्या पत्रात ओळी आल्या: ‘इथली माती चाकाला चिकटत नाय. आपली माती पाय सोडत नाय. इथं कोण कुणाला थांबवीत नाय.’ काकांची माझ्या मते सर्वांत मोठी कविता याच तीन वाक्यांनी संपत होती. फरक एवढाच की तिथे ती सहा ओळींत मोडलेली होती आणि खाली नाव केशव सकपाळ असं होतं.

शबाना चहा करायला आत गेली, तेव्हा जुबेदाबींनी डब्याच्या तळातून दोन कागद काढून माझ्या हातात दिले. एक तार, हसन गेल्याची. दुसरं पत्र. तीच अक्षरं. पत्रावरची तारीख तारेनंतरची होती. शेवटची दोन वाक्यं अशी: ‘मी येतोय. दार लावू नको.’

“गुरुजींनी तारीक तीनदा वाचली,” त्या म्हणाल्या. “मेलेला माणूस पत्र लिवतो का गो?”

त्या पत्रावर त्यांनी तीन वर्षं काढली होती. तार चुकीची असेल, हसन पलीकडे कैदेत असतील, असं त्यांनी धरून ठेवलं. वडिलांनी दुसऱ्या लग्नाची गोष्ट काढली, ती त्यांनी पत्र दाखवून मोडली. वर्षभराने कैदी परत आले, त्यात हसन नव्हते, तरी त्यांनी वाट पाहणं सोडलं नाही. आशा सुटली तोवर दुसऱ्या लग्नातून त्यांचंच मन उडालं होतं. मुलंबाळं नव्हती. भावाची मुलं त्यांनी वाढवली. इतकी वर्षं त्यांच्या मनात एकच गोष्ट घोळत होती: हे अक्षर ज्याचं आहे तो माणूस खोटारडा आहे, की त्याला काहीतरी ठाऊक होतं? “तुमी शिकलेल्या,” त्या म्हणाल्या. “अक्षर बघून माणूस वळकता येतो का?” मी नाही म्हटलं. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. त्यांना ते पटलं नव्हतं.

पुढचे दोन महिने मी वाडीवर गेले नाही. काकांचा फोन आला तर परीक्षेचं काम सांगायची. माझ्या मनात त्यांच्यावरचा आरोप पक्का झाला होता. मेलेल्या सोबत्याची वाक्यं यांनी आपल्या नावावर केली, आणि त्याच्या बायकोला खोटं पत्र पाठवलं. दुसऱ्यांच्या कवितेची झडती घेणारा माणूस स्वतःच चोर निघाला. प्रबंधाचं शेवटचं प्रकरण मी एकदा फाडलं, एकदा पुन्हा लिहिलं. शेवटी एका सकाळी मातीच्या ओळींचं आणि तारेनंतरचं, अशा दोन पत्रांच्या शबानाकडून मागवलेल्या प्रती घेऊन मी पोलादपूरची एसटी धरली.

काका ओटीवर चष्म्याची काडी सरळ करत बसले होते. मी प्रती पुढे ठेवल्या. त्यांनी एकदा पाहिलं, चष्मा लावलाच नाही. मग त्यांनी विचारलं ते माझ्याविषयी नव्हतं, कवितेविषयीही नव्हतं. “भाभी हायत अजून?”

मग त्यांनी सगळं सांगितलं. ते आणि हसन एकाच गाडीवर होते. हसन चालवायचे तेव्हा काका शेजारी गुडघ्यावर कागद ठेवून त्यांचं पत्र लिहून घ्यायचे. हसन बोलायचे फार सुंदर, असं काका म्हणाले. रस्ता दिसेल तसं बोलायचे. त्या दिवशी सकाळीही हसन घरचं पत्र सांगत होते, पण गाडी इतकी उसळत होती की लिहिणं जमेना. थांबल्यावर लिहू, असं ठरलं. गाडी थांबली, काका चाकाखाली दगड लावायला उतरले, आणि गाडीवर गोळा पडला.

सांगितलेलं पत्र काकांच्या डोक्यात राहिलं. पाच-सहा दिवसांनी, आता विसरेल या भीतीने, त्यांनी ते कागदावर उतरवलं आणि सवयीने वर त्या दिवसाची तारीख घातली. तार आधीच गेली असेल हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

“शब्द त्याचे,” काका म्हणाले. “तारीख माझी.”

ती चूक त्यांना वर्षभराने कळली. सुट्टीवर येताना महाडच्या स्टँडवर तुडीलचा एक माणूस भेटला. एका पत्राच्या आशेवर बसलेल्या बाईची गोष्ट त्याने सहज सांगितली. काका दुसऱ्या दिवशी तुडीलला गेले, मशिदीच्या कोपऱ्यापर्यंत पोचले आणि तिथून परत फिरले. पुढच्या सुट्टीतही तेच केलं. मग जाणंच सोडलं.

“लढाईत मी भ्यालो, ते कवितेत लिवलं,” ते म्हणाले. “तुडीलला भ्यालो, ते लिवलं नाय. आता तुमीच ठरवा माझी कविता किती खरी.”

मातीच्या त्या ओळींबद्दल मी विचारलं. त्या हसनच्याच, असं त्यांनी लगेच कबूल केलं. पण बाकीच्या कवितांत हसनचं किती आणि आपलं किती, हे त्यांनाही सांगता येत नव्हतं. एकाच गाडीत इतके महिने काढले, बोलणं एकमेकांत मुरलं. म्हणूनच कुणी कितीही आग्रह केला तरी त्यांनी पुस्तक काढू दिलं नव्हतं. आम्ही तो विनय समजत होतो.

पुढच्या आठवड्यात आम्ही दोघं तुडीलला गेलो. मशिदीचा कोपरा आला तसे काका थांबले. मीही थांबले. मग ते चालू लागले. जुबेदाबींना मी आधी सगळं कळवलं होतं. त्यांनी पाणी दिलं आणि कागद-पेन पुढे ठेवलं. “लिवा कायतरी,” म्हणाल्या. काकांनी स्वतःचं नाव आणि गाव लिहिलं. जुबेदाबींना वाचता येत नव्हतं, पण त्या पत्रांतल्या अक्षरांचा आकार त्यांनी इतकी वर्षं पाहिला होता. त्यांनी दोन्ही कागद शेजारी धरले आणि मान हलवली.

“त्या दिवशी सकाळी त्यानं काय खाल्लान?” त्यांनी विचारलं.

“तीन पुऱ्या मिळाल्या होत्या. दोन त्यानं खाल्ल्या. एक मला दिलीन.”

त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काहीतरी हललं. हसन घरीही तसंच करत असावेत. मग त्यांनी पत्राच्या शेवटच्या दोन वाक्यांवर बोट ठेवलं. मी येतोय, दार लावू नको. हे त्याने सांगितलं होतं, की तुम्ही घातलं? काकांनी सोपं उत्तर द्यावं असं मला तेव्हा फार वाटलं. त्यानेच सांगितलं, एवढं म्हटलं असतं तर त्या वृद्ध बाईला उरलेल्या आयुष्यासाठी काहीतरी मिळालं असतं. काका म्हणाले, “भाभी, मला ठाव नाय. सांगितलान असं वाटतं. पण ते मला वाटायला पायजे म्हणून वाटत असेल.”

जुबेदाबींनी कागद गोळा केले. त्यांनी क्षमा केली नाही, राग काढला नाही. तीन वर्षं गेली ती कोण देणार, असं त्या हळू आवाजात म्हणाल्या, आणि काकांनी त्यावर मान खाली घातली. आम्ही निघताना जुबेदाबींनी सांगितलं की गुरुजी वारले तेव्हापासून पत्रं कुणी नीट वाचून दाखवलेली नाहीत. पोरं घाईघाईने वाचतात. ज्याने लिहिली त्यानेच वाचावीत.

तेव्हापासून काका दर महिन्याला तुडीलला जातात. सुरुवातीला मीही जायची. पत्रं वाचून झाल्यावर एक दिवस जुबेदाबींनी कविता वाचायला सांगितल्या. काका एकेक ओळ वाचत, त्या डोळे मिटून ऐकत आणि निवाडा देत. “हे त्याचं.” “हे तुमचं.” “हे कुणाचंच नाय, हे पुस्तकातलं वाटतं.” ‘पुस्तकातलं’ म्हटलेल्या ओळी काकांनी तिथल्या तिथे खोडल्या. मी आयुष्यभर कवितेचे निकष शिकवले, पण इतकं काटेकोर संपादन पाहिलं नाही. आरशाची ती ओळ आली तेव्हा त्यांनी डोळे उघडले. “त्यानं आरसा फिरवला नसता. तो मागे बघणारा होता. हे तुमचं.” ज्या ओळीवरून मी पहिल्याच दिवशी काकांवर संशय घेतला, ती त्यांचीच ठरली, आणि तिचा त्यांना आनंद झाला नाही.

त्या बैठकांतून शेवटी पुस्तक तयार झालं. मुखपृष्ठावर दोघांची नावं आहेत, आधी हसन यांचं. माझा प्रबंध मी नव्याने लिहिला. सैनिकाची कविता युद्ध खरं सांगते का, या प्रश्नाला मी पूर्वी मोठ्या खात्रीने होय म्हटलं असतं. आता एवढंच म्हणते की ती गाडीतलं, खंदकातलं, बुटातलं खरं सांगते. घरी परतल्यानंतरचं सांगायला मात्र ती फार वेळ लावते, आणि तोवर कुणीतरी दार उघडं ठेवून बसलेलं असतं.

गौरव समितीतल्या काही सदस्यांना तुडीलचा प्रसंग या ग्रंथात यावा की नाही, याची शंका होती. पंचाहत्तरीच्या माणसाची जुनी चूक कशाला काढायची, हे त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. काकांनी निरोप पाठवला की तो प्रसंग नसेल तर बाकीचाही लेख नको. छापायच्या आधी त्यांनी हे सगळं वाचलं. एकच दुरुस्ती सुचवली. मी ‘गाडीवर गोळा पडला तेव्हा काका जिवावर उदार होऊन हसन यांच्याकडे धावले’ असं लिहिलं होतं. त्यांनी ते खोडून समासात लिहिलं, ‘धावलो नाही. बराच वेळ चाकाजवळ बसलो.’ ते वाक्य मी काढून टाकलं, पण त्यांची टीप इथे ठेवली आहे.

गेल्या महिन्यात मी जुबेदाबींकडे गेले. काकांच्या सत्काराचं निमंत्रण दिलं आणि या ग्रंथासाठी दोन शब्द मागितले. येईन म्हणाल्या. कौतुक ऐकायला नाही, लोक खोटं किती बोलतात ते बघायला. दोन शब्दांचा मात्र त्यांनी बराच विचार केला. मग मला सांगितलं, मी सांगते तेच लिव, त्यात तुझं घालू नको. मी त्यांच्यासमोर लिहिलं आणि दोनदा वाचून दाखवलं. ते असं:

“माणूस चांगला हाय का, ते मला अजून ठाव नाय. पण इतक्या वरसांत आला नाय असा एक महिना गेला नाय.”

सकपाळकाकांना मी याहून वेगळं काही मागत नाही. त्यांची नजर पत्र वाचण्याइतकी शाबूत राहो, गुडघे तुडीलच्या उतारावर साथ देवोत, काकूंच्या भाकरीत त्यांना अजून कित्येक वर्षं खडे सापडोत. शंभरीपर्यंत ते असेच नीट, निरोगी राहोत, आणि येत्या महिन्यातही सकाळच्या एसटीने वेळेवर तुडीलला पोचोत.